एकोणीस नंबरचं पाणी

या महिन्यातही लाल गोल एकोणीस नंबरभोवतीच होता.

सुनेने मागे कुणी नाही ना हे पाहिलं आणि लिफ्ट सोडून ती जिन्याने वर गेली. लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको होतं.

वर्षभरापूर्वी इमारतीत पाणी वाचवण्यावर भाषण झालं होतं. पत्रकं वाटली गेली, पुढच्या पिढ्यांचे दाखले दिले गेले. कुणाचा नळ काही लवकर बंद झाला नाही. मग सेक्रेटरींनी घरोघरी मीटर बसवले आणि कुणी किती पाणी वापरलं याचा तक्ता दर महिन्याला लिफ्टशेजारी लावायला सुरुवात केली. सगळ्यात कमी वापराला हिरवा गोल, सगळ्यात जास्त वापराला लाल. महिन्याभरात अख्खी इमारत शहाणी झाली. पृथ्वीची लाज कुणाला नव्हती, शेजाऱ्यांची होती.

सुनेनेही कंबर कसली. शॉवर बंद. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. नवरा दाढीला उभा राहिला की ही दारात हजर.

"आता दाढीही कोरडीच करू का?" त्याने एकदा विचारलं.

लेकीने नळ ठिबकता ठेवला, तेव्हा तर सुनेच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अकरा वर्षांची घोडी झालीस, तरी अक्कल नाही? लोक तोंडात शेण घालतायत आपल्या!"

चिऊ हल्ली तशीही गप्प गप्पच असायची. ती उठून आजीच्या खोलीत निघून गेली. दोघी एकाच पलंगावर झोपायच्या.

एवढं करूनही आकडा खाली येईना.

मग एका दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून सून औषधांच्या दुकानातली ड्यूटी अर्धवट सोडून घरी आली. न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. सासूबाई पदर खोचून टबात चादर खळबळत होत्या. आतल्या खोलीत गादी खिडकीशी उभी करून ठेवली होती. वासावरूनच काय ते कळलं.

"आई, हे कधीपासून?"

सासूबाई दचकल्या. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायला अजून वेळ होता.

"झाले चार-पाच महिने," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "वय झालं गं. मशीनला लावलं असतं तर तुला कळलं असतं."

इतके दिवस म्हातारीचा हात सैल आहे असं ती मनात म्हणत आली होती. तिला कसंनुसं झालं.

"कुणाला सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "घरातसुद्धा नको."

"नाही सांगणार."

तिने दुकानातून मोठ्यांच्या डायपरची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या सगळ्या चांगल्या निघाल्या. "कधी कधी कारण सापडत नाही," डॉक्टर म्हणाले. चिऊला हॉलमध्ये झोपवू का, असं तिने विचारलं, तेव्हा मात्र सासूबाईंनी ठाम नकार दिला. "ती माझ्याजवळच झोपेल." या वयात माणसं हट्टी होतात, असं म्हणून सुनेने विषय सोडला.

पुढच्या महिन्यात सभा होती. सेक्रेटरींनी तक्ता वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "एकोणीस नंबरवाल्यांना देवाने वेगळी पृथ्वी दिलीय का?"

सगळे हसले. सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आमच्याकडे आजारपण आहे," ती म्हणाली.

"कसलं?"

तिथे थांबता आलं असतं. "सासूबाईंना अंथरुणात आवरत नाही. रोज चादरी धुवाव्या लागतात."

हसू थांबलं. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर माफी मागितली. पुढच्या तक्त्यात एकोणीस नंबरपुढे "वैद्यकीय कारण" असं लिहून आलं आणि लाल गोल दुसऱ्याच घराभोवती गेला. सून पुन्हा लिफ्टने जाऊ लागली.

सासूबाई रोज संध्याकाळी खाली बाकावर बायकांत बसायच्या. त्या आठवड्यात एकीने त्यांच्यासाठी बाकावर आधी प्लॅस्टिक अंथरलं. मायेनेच अंथरलं. दहा मिनिटांत सासूबाई वर आल्या.

"खाली वारं फार सुटलंय," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या खाली गेल्या नाहीत. सुनेला त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवताना सुनेला त्यांच्याकडे पाहवेना. दुकानात कुणी ते पाकीट मागितलं, की तिचे हात जड व्हायचे.

शेवटी चिऊच्या शाळेला सुट्टी होती त्या दिवशी तिने मनाचा हिय्या केला. दुकानातून दुपारीच निघाली. आई, माझं चुकलं, मी शब्द मोडला, असं जिन्यातून मनाशी घोकत वर आली. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या आणि आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराशी जाऊन पोचली.

आत चिऊ बोलत होती. तिचा इतका मोकळा आवाज सुनेने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"आजी, आज एकवीस दिवस झाले, मी एकदाही अंथरूण ओलं केलं नाही. आता तूही बरी झालीस, असं आईला सांगून टाक ना."