चुलीवरची पेज
बंड केलेल्या सरदारांना राजानं माफ केलं आणि नातीच्या लग्नाला नेपल्सच्या किल्ल्यात सहकुटुंब बोलावलं. ते मखमल मिरवत आलेही. अकलेचे कांदे, आचारीण पोर्त्सिया मनात म्हणाली. वीस वर्षं या मंडळींनी तिच्या मिठाला नावं ठेवली होती. त्यातला सगळ्यांत तोरेबाज सरदार मुदपाकखान्यात डोकावला. एक सोडून सगळ्या चुली थंड होत्या. “लग्नघर ना हे? मासे कुठायत?” “मागवलेच नाहीत, सरकार.” पेटत्या चुलीवरचा हंडा पाहून तो हसला. “जवाची पेज? ही तर तळघरातल्या कैद्यांची.” “त्यांचीच.” “कितीजण आहेत खाली?” “सकाळी दोघं होते.” “दोघांना एवढा हंडा?” ती ढवळत राहिली. वर लग्नाच्या दालनाची दारं धडाधड बंद झाली. सरदार पांढराफटक पडला. पोर्त्सियानं पळी त्याच्यासमोर धरली. “मीठ आत्ताच चाखा, सरकार. खाली गेलेल्यांना कुणी विचारत नाही.”