नवरदेवाचे जोडे

अकरा वर्षांपूर्वी चांदूर बाजारच्या मांडवात मेव्हणीनं रिवाजाप्रमाणे माझे जोडे लपवले आणि ऐनवेळी लग्नाची धास्ती घेऊन मी अनवाणीच पळालो. नवरी गीतांजलीनं माफ केल्याशिवाय पायात काही घालायचं नाही, अशी मी शपथ घेतली. तिच्यापुढे जायची हिंमत मात्र झाली नाही. आज अकोल्यातल्या लग्नात पंगतीला तीच शेजारी बसली. मी भेगाळलेल्या टाचा दाखवल्या. “तुह्यासाठी अकरा वर्षं अनवाणी हिंडून राहिलो.” ती हसली. “तुले कोनी शोधलंबी नाही. हे जेवाले आलते, यायलेच नवरदेव केलं. तुहे जोडे बरोबर बसले यायले.” पलीकडे तिचा नवरा मन लावून बुंदी खात होता. “मंग आता चप्पल घालू?” “काढ म्हणून म्या कधी सांगतलं?” मग वाकून तिनं माझ्या टाचा नीट पाहिल्या. “पन एवढ्यात नोको घालू. उनाळा आत्ताच लागून राहिला.”