चहा वजा जाता

गणिताच्या मास्तरांना मधुमेह निघाला, तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट: माझी बिनसाखरेची कॉफी मीच करून घेणार.

लेकीला लोप पद्धतीनं समीकरणं सोडवायला शिकवताना ते म्हणाले, "उदाहरण पुस्तकातलं नको, घरातलं घे."

तिनं दिवसभर साखरेच्या डब्यावर पाळत ठेवली.

"सकाळी आईचे दोन चहा, तुमची एक कॉफी, साखर गेली तीन चमचे. दुपारी एक चहा, एक कॉफी, तरी तीनच. वजा केलं तर चहाची साखर शून्य येतेय, बाबा. कुठं चुकलं?"

"चुकलं नाही गं," आई ओट्यापासून म्हणाली. "यांना एकट्याला जड जाऊ नये, म्हणून मीही साखर सोडलीय."

मास्तरांनी हातातला कप हळूच वर्तमानपत्राआड सरकवला.



"हां, मग बरोबर आहे. आता कॉफीची काढते."