कोरे हात

सातवी फेरी संपली तरी तिचे हात कोरेच होते.

तिने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. औषधालाही एक डाग नाही. शेजारी भिंतीला टेकून दातांचा डॉक्टर बसला होता. तोही आज तिच्यासारखाच कराटेच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला आलेला. त्याचे हात मनगटापासून वर काळेनिळे पडले होते आणि दर फेरीनंतर तो ते कौतुकाने न्याहाळत होता. तिला त्याचा मनापासून हेवा वाटला.

परीक्षा दहा फेऱ्यांची. दर फेरीला समोर नवा, ताजा माणूस. हातापायांना काही बांधायचं नाही. शेवटी म्हातारे परीक्षक खुर्चीतून उठत आणि एवढंच म्हणत, "हात दाखवा." मार अडवला की तो हातावर बसतोच. हात कोरे म्हणजे झुंज खोटी. झुंज खोटी म्हणजे परीक्षा झालीच नाही, पुढच्या वर्षी या. पण झुंजीच्या परीक्षेला वयाची मर्यादा पंचावन्न होती, आणि पुढच्या वर्षी तिला छप्पन्न पुरी होणार होती.

तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेली बाई ती. शिक्क्यावाचून पाकीट पुढे सरकत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

आठव्या फेरीला व्यायामशाळेतला एक धिप्पाड मुलगा आला. मघाशी डॉक्टरला त्याने ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेलं होतं. तिच्या हातावर त्याचा गुद्दा आला तो मात्र शेजाऱ्याचं दार वाजवावं इतक्या अदबीने.

"अरे, मार की!" ती दातओठ खात म्हणाली.

"मारतोय ना, काकू. लागलं का?"

तिने संतापून त्याच्या मांडीवर अशी लाथ घातली, की तो लंगडायलाच लागला. तरी जाताना तिलाच पाण्याची बाटली देऊन गेला.

ही सगळी कुणाची करणी, ते तिला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या बाकावर तिची सून ताठ बसली होती. सून लग्नाआधीपासूनची ब्लॅक बेल्ट, इथेच लहान मुलांना शिकवायची. सात वर्षांपूर्वी सासूला इथे आणलं तेही तिनेच. पण दोन वर्षांपूर्वी सासू घरच्या जिन्यावर घसरली, डावं मनगट मोडलं, आणि तेव्हापासून सुनेने तिच्या हातात काही म्हणून टिकू दिलं नाही. भाजीची पिशवी नाही, पाण्याची बादली नाही. "आई, राहू द्या. मी घेते." आज सकाळी क्लासची पिशवीसुद्धा तशीच काढून घेतली होती. वर इथे पोचल्या पोचल्या क्लासच्या सरांना कोपऱ्यात गाठून काहीतरी कुजबुजली होती. सरांनी सासूकडे बघितलं होतं आणि मान डोलावली होती. जरा सांभाळून घ्या, हेच. दुसरं काय सांगणार!

नववी फेरीही तशीच गेली. समोरची मुलगी मध्येच "सॉरी, काकू" म्हणाली, तेही न लागलेल्या फटक्याबद्दल.

दहाव्या फेरीची हाक झाली आणि सून उठली. केस घट्ट बांधून समोर आली, वाकली.

"तूच तेवढी राहिली होतीस," सासू म्हणाली. "ये, घाल फुंकर."

घंटा वाजली. पहिला फटका कुठून आला ते तिला कळलंच नाही. हात आपसूक वर गेला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसरा त्याच जागी. तिसरा डाव्या हातावर, मोडलेल्या मनगटाच्या बोटभर वर. पाठोपाठ लाथ आली, ती तिने दोन्ही हात जोडून झेलली.

"अहो, काकू आहेत त्या!" धिप्पाड मुलगा कळवळून ओरडला.

सून थांबली नाही. "हात वर, आई! वर!"

सासूने हात वर ठेवले. फटक्यामागून फटके घेतले. मग फट सापडताच सुनेच्या बरगडीत असा गुद्दा हाणला, की सून अर्धी वाकली आणि वाकल्या वाकल्या हसली.

घंटा वाजली.

"हात दाखवा," परीक्षक म्हणाले. दोन्ही हात लालबुंद होऊन टरारले होते, मधून मधून निळं उमटायला लागलं होतं. त्यांनी अंगठ्याने एक टेंगूळ दाबलं. ती कळवळली.

"हे कुणाचं?"

"सुनेचं."

"घरी सगळं बरं आहे ना?" म्हाताऱ्यांनी विचारलं, आणि कागदावर सही केली.

सर पट्टा बांधायला आले तेव्हा तिला राहवलं नाही. "सकाळी काय सांगत होती हो ती तुम्हाला?"

"शेवटची फेरी मला द्या म्हणाली." सरांनी गाठ आवळली. "म्हणाली, बाकीचे त्यांना काकू म्हणतात. एकाचाही हात उठायचा नाही."

सून दाराशी उभी होती. एक हात बरगडीवर, दुसऱ्यात दोघींच्या पिशव्या. सासूने सवयीने आपली पिशवी मागायला हात पुढे केला आणि "राहू द्या" ऐकायची तयारी ठेवली.

सुनेने पिशवी दिली. मग स्वतःचीही त्याच सुजलेल्या हातात अडकवली.

"आई, हीसुद्धा घ्या."