कान लावून कळवा

रत्नागिरीत माझ्या हातून आजवर एकही यंत्र बिघडलेलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. ज्यांची बिघडली ते लांज्याचे होते. ते पुन्हा फिरकत नसत.

हमीद मात्र शेजारचाच, कुवेतहून रजेवर आलेला. आईला गुहागरला समुद्रावर चार दिवस राहता यावं म्हणून त्यानं जुन्या मॅटाडोरमध्ये दोन बाकं, स्टोव्ह आणि छोटा फ्रीज बसवला. फ्रीज तिच्या इन्शुलिनसाठी. तो नीट गार होईना, म्हणून मी उघडला आणि माझ्याच हातून गॅसची नळी तुटली. गुपचूप स्क्रू आवळून टाकले.

मग कंपनीला पत्र लिहिलं, की माल मुळातच सदोष आहे, कोणी हातही लावलेला नाही. सही हमीदची घेतली. त्यानं ती न वाचता केली.

रजा संपायला आठ दिवस उरले तेव्हा उत्तर आलं. एकच ओळ : ‘फ्रीजला कान लावून काय ऐकू येतं ते कळवा.’

वायर काढलेलीच होती. मी कान लावला.

आत कोणीतरी हळू, ओशाळून बोलत होतं. “नळी मी तोडली, हमीद.” आवाज माझा होता.

“काय म्हणतोय फ्रीज?” हमीदनं मागून विचारलं.

“काय नाय रे.”

“मग तोंड का उतरलं तुमचं?” मला बाजूला सारून त्यानं कान लावला.

“काका,” तो म्हणाला, “आत तुम्हीच आहात. जरा मोठ्यानं बोला की.”