वडिलांचं काय ठरलं?

प्लेट मशीनवर चढली होती आणि प्रेसमालकाचा अंगठा हिरव्या बटणावर होता. पाच वाजता याच मशीनवर साबणाची वेष्टनं लागणार होती. साबण कोणासाठी थांबत नाही, हे त्याने तिला दोनदा सांगून झालं होतं.

"ताई, दाबू?"

"एक मिनिट."

"हे अकरावं मिनिट."

ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दिवसभर लोकांना विचारायची, हे स्पष्ट की ते स्पष्ट? लोक एका सेकंदात सांगायचे. तिला स्वतःला आठ दिवसांत सांगता आलं नव्हतं.

पर्समध्ये पत्र होतं. एका मोठ्या प्रकाशन संस्थेने तिची पहिली कादंबरी स्वीकारली होती. बावीस महिन्यांनी काढणार, झाडून सगळ्या दुकानांत ठेवणार. अट एकच, शेवटी वडील मरायला नकोत. वाचन समितीत पाच जण होते. तीन विरुद्ध दोन मतांनी वडील जगले होते. उत्तर आज पाचच्या आत हवं होतं. नाहीतर ही प्रेस, स्वतःच्या खर्चाने तीनशे प्रती, जशी लिहिली तशी कादंबरी, आणि गठ्ठे ठेवायला पलंगाखालची जागा.

कादंबरीतले वडील तिचेच होते. कोणी ओळखू नये म्हणून तिने त्यांची मिशी काढली होती. आईने पहिल्याच ओळीत ओळखलं. पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, "एवढे मोठे लोक स्वतःहून विचारतायत, हो म्हणून टाक." मग हातातल्या चादरीची घडी पूर्ण करून म्हणाली, "आणि जगू दे की त्यांना. तुझं काय जातं?"

दुसऱ्या कुठल्या प्रेसमध्ये निदान छपाई तरी तिच्या उत्तरासाठी अडली नसती. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या तेरा फॉर्ममध्ये छापायचं होतं, वडील तेराव्यात जात होते. आधीचे बारा निवांत छापून झाले असते. पण इथले मुद्रितशोधक पुस्तक शेवटाकडून वाचत. सरळ वाचलं की गोष्ट हात धरून ओढते आणि चुका सुटतात, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे शेवटचा फॉर्म आधी तपासून व्हायचा आणि आधी छापला जायचा. त्यांना सगळे उलटे काका म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

"आवडली हो कादंबरी," उलटे काका कोपऱ्यातल्या टेबलावरून म्हणाले. "तुमचे वडील झपाट्याने सुधारतात. आधी जातात, मग दवाखान्यात येतात, मग घरी. पहिल्या पानावर तर टाकीवर चढून गळती काढतायत. मला भरून आलं."

"पण काका, लोक पुढून वाचणार."

"त्याला मी काय करू? मी अक्षरं बघतो."

"काय करू, सांगा ना तुम्ही."

"दोनशे तीन पानावर एक स्वल्पविराम जास्त होता. काढलाय. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून मशीनच्या कडेला ठेवला.

"नमस्कार," प्रकाशक म्हणाले. "मग? वडिलांचं काय ठरलं?"

"सर, मी विचार करतेय."

"हे बघा, आम्ही काही हट्टाला पेटलेलो नाही. बदलीवर पाठवा."

"कोणाला?"

"वडिलांना. लांबच्या गावी. पत्रं येत राहतात."

"ते रिटायर झालेत, सर. एकशे चाळीसाव्या पानावर."

"बरं, कोमात ठेवा. खप चांगला झाला तर दुसऱ्या भागात उठवू."

प्रेसमालकाने नकळत मान डोलावली. त्याला हे व्यवहार्य वाटलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, तशी त्याने मान सरळ केली.

"सर, मला नाही जमणार."

"ताई, पहिलं पुस्तक आहे तुमचं. एकटीने काढलंत तर कोण विचारणार?" आवाज खरंच काळजीचा होता, आणि ती गेले आठ दिवस स्वतःला हेच विचारत होती. "हे शेवटचं बोलतो. जाऊ देत ते. पण अगदी शेवटच्या ओळीत एक बोट हलू दे. हातही नको. एकच बोट. बाकीचं वाचक समजून घेतील."

तिने मनात मोजलं. एक बोट म्हणजे चार शब्द. बावीस महिन्यांनी सगळ्या दुकानांत. आईला रोज काढून वाचता आलं असतं.

घड्याळात पाचला चार कमी झाले. साबणाच्या वेष्टनांचा कागद घेऊन गाडी दारात लागली.

"हॅलो? ताई?"

"सर, मी उशाशी बसले होते," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं बोटांकडेच बघत होते. नाही हललं."

उलट्या काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिने मालकाकडे बघून मान हलवली. मशीन एकदा खोकलं, मग धडधडू लागलं. प्रकाशक पलीकडून काहीतरी म्हणाले, ते त्या आवाजात कोणालाच ऐकू आलं नाही.

पहिला कागद बाहेर सरकला. त्यावर आठ पानं होती, चार सुलटी, चार उलटी. खालच्या रांगेत दोनशे आठावं, शेवटचं पान होतं. ती वाकली आणि तिने हात पुढे केला.

"ओलं आहे, ताई," मालक म्हणाला. "इतक्यात बोट लावू नका."