फेरातली जागा

पहिल्या तालमीपासून राजशिष्टाचार अधिकारी नाच बसवणाऱ्या बाईंच्या मागे लागला होता, "फेरातली मोकळी जागा बुजवा. फोटोत पडलेल्या दातासारखी दिसते." बाईंनी एकदाच सांगितलं, "युद्धातून न परतलेल्यांची जागा आहे ती. माझा भाऊ तिथे नाचायचा." ते युद्ध ज्या देशाशी झालं, त्याचेच राजदूत आज पुढच्या रांगेत होते; करारावर सह्या उद्या व्हायच्या होत्या. नाच रंगात येताच राजदूत उठले. जागा आपल्यासाठीच राखलीय असं समजून त्यांनी बूट काढले, खुर्चीखाली नीट ठेवले आणि फेरात शिरले. ढोल थांबला. अधिकारी भाषांतराला धावला. राजदूतांनी हौसेने उजवा पाय टाकला. बाईंनी मोज्यातल्या पायाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "डावा आधी. माझा भाऊही इथेच चुकायचा." अधिकाऱ्याने फक्त पहिल्या वाक्याचं भाषांतर केलं.